आपल्यामागे लेकराचे काय? दिव्यांग अपत्यासाठी कायदेशीर व आर्थिक तरतूद

दिव्यांग अपत्याच्या आईवडिलांना एक प्रश्न सतत भेडसावत असतो: आपल्यामागे या लेकराचे कोण? त्याचे उत्तर केवळ नातलगांच्या सद्भावनेवर सोपवून चालत नाही. पालकत्व, मृत्युपत्र आणि पैशाची व्यवस्था या तीन गोष्टी हयातीतच मार्गी लावावयास हव्यात.

पालकत्व

वयाची १८ वर्षे पूर्ण होताच प्रत्येक व्यक्ती कायद्याने सज्ञान ठरते व आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपुष्टात येते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये जिल्हास्तरीय स्थानिक समिती पालक नेमू शकते. त्यासाठी आईवडील किंवा नातलग अर्ज करू शकतात. नियुक्त पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावयाचा असतो. हेळसांड किंवा अपहार झाल्यास त्याला दूर करता येते. केवळ शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीला मात्र अशा पालकाची गरज नसते. मालमत्ता बाळगण्याचा तिचा समान हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केला आहे.

मृत्युपत्र

महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसल्यास हयात पती वा पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना उरलेले दोन तृतीयांश समान वाट्याने मिळते. कोणत्या अपत्याची गरज आयुष्यभराची आहे, हे या वाटणीत पाहिले जात नाही. म्हणून मृत्युपत्र करावे आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. ज्याला मृत्युपत्राने काही द्यावयाचे आहे, त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नये. तसे केल्यास ती देणगी रद्द होते. गोव्यात वारसा कायदा निराळा आहे. तेथे मुलांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते आणि मृत्युपत्राने उरलेल्या निम्म्याचीच इच्छेनुसार वाटणी करता येते.

विश्वस्त निधी

‘थोरला सांभाळील’ या भरवशावर सारे थोरल्याच्या नावे करण्याची रीत आपल्याकडे आहे. परंतु थोरला कर्जबाजारी झाला किंवा आधी गेला, तर ती मालमत्ता त्याच्या देणेकऱ्यांकडे वा वारसांकडे जाते. त्यापेक्षा भारतीय न्यास कायदा, १८८२ नुसार खाजगी न्यास स्थापन करणे सुरक्षित ठरते. स्थावर मालमत्तेसाठी न्यासपत्राची नोंदणी आवश्यक आहे. मृत्युपत्राद्वारेही न्यास निर्माण करता येतो. शक्यतो पालक एक व विश्वस्त दुसरा असावा, म्हणजे एकाच्या हाती देखभाल आणि दुसऱ्याच्या हाती तिजोरी राहते.

निवृत्तिवेतन व कागदपत्रे

शासकीय सेवेतील पालकाच्या दिव्यांग अपत्याला, नियमांतील अटी पूर्ण होत असल्यास, कुटुंब निवृत्तिवेतन आजीवन मिळू शकते. त्यासाठी अपत्याचे नाव कार्यालयात वेळीच नोंदवून घ्यावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढून ठेवावे.

याशिवाय आणखी एक कागद स्वहस्ते लिहावा. लेकराची औषधे, आवडीनिवडी, भीती, झोपेच्या सवयी आणि त्याला शांत करण्याची रीत त्यात असावी. या कागदाला कायद्याची मोहोर लागत नाही, पण आईवडिलांमागे लेकराला सांभाळणाऱ्याला त्याचाच आधार अधिक होतो. इतर भावंडांना एकत्र बसवून ही सारी व्यवस्था समजावून सांगावी आणि अंतिम मसुदा जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावा.