चेंगराचेंगरीचा दोष कुणाचा?

अब्बा १९९९ साली हज करून आले. मीनात जमरातला खडे मारायला गेले तेव्हाचा अनुभव ते एकाच वाक्यात सांगत, "माझे पाय जमिनीला लागत नव्हते." आम्हा भावंडांना ते जरा वाढवून सांगणं वाटायचं. तसं ते नव्हतं, हे मला कळलं जर्मनीतल्या एका संगीत महोत्सवाविषयी वाचताना.

लव्ह परेड हा टेक्नो संगीताचा उत्सव १९८९ मध्ये पश्चिम बर्लिनच्या रस्त्यावर दीडशेएक जणांनी सुरू केला. पुढे तो अफाट वाढला आणि आयोजकांचे आकडे त्याहून जास्त वाढले. २४ जुलै २०१० रोजी डुइसबर्गला चौदा लाख लोक आल्याचं जाहीर झालं. परवानगी होती अडीच लाखांची.

जागा म्हणजे रेल्वेचा जुना मालधक्का, कुंपण घातलेला. आत जायची वाट बोगद्यातून. पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे लोक बोगद्याच्या मध्यावर एकमेकांना भिडायचे आणि तिथून एका चढावरून मैदानात जायचे. परतणाऱ्यांनाही हाच रस्ता! दुपारी चारच्या सुमारास पोलिसांनी कडं करून गर्दी थोपवायचा प्रयत्न केला, तो टिकला नाही. चढाच्या पायथ्याशी माणसं कोंडली. अरुंद जिना, खांब, कंटेनर, मिळेल त्यावरून लोक वर जायला बघत होते. २१ जण गेले, शेकडो जखमी झाले. मृतांत जर्मनांबरोबर स्पेन, इटली, नेदरलँड्स, चीन, ऑस्ट्रेलियाचे तरुण होते. छाती दाबली जाऊन श्वास कोंडला होता. मैदानात मात्र संगीत रात्रीपर्यंत चालू ठेवलं, बंद केलं तर पुन्हा गोंधळ उडेल म्हणून.

सुरुवातीला खापर गर्दीवरच फुटलं. लोक जिन्या-खांबांवर चढले, पडले, घाबरले, वगैरे. पुढे डर्क हेल्बिंग या संशोधकाने लोकांनी फोनवर टिपलेले व्हिडिओ वेळेप्रमाणे लावून तपासले. २०१२ च्या त्याच्या शोधनिबंधानुसार घबराटीने लोक सैरावैरा धावलेच नव्हते. धावायला जागा होती कुठे?

हेल्बिंगने असं चित्र आधी पाहिलं होतं, ते मीनातच. १२ जानेवारी २००६ ला जमरात पुलाच्या तोंडाशी साडेतीनशेच्या आसपास हाजी मरण पावले, त्या गर्दीचं चित्रण त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलं होतं. गर्दी आधी सरळ वाहते. मग थांबत-थांबत, लाटांसारखी सरकते. चौरस मीटरमागे सहा-सात माणसं झाली की अंगाला अंग चिकटतं, एकाचा धक्का दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो आणि माणूस कुठे फेकला जाईल हे त्याच्या हातात राहत नाही. अब्बा हेच सांगत होते.

त्यानंतर जुना पूल पाडून मजल्यांचा नवा बांधला, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या. म्हणजे उपाय माणसाच्या हातात होता. तरी १९९० मध्ये मक्केजवळच्या बोगद्यात १४२६ हाजी गेले तेव्हा सौदी राजांनी ती अल्लाहची मर्जी म्हटली होती, आणि आपल्याकडेही अनेकांनी तेवढ्यावर समाधान मानलं. नाचणाऱ्यांना बेशिस्त म्हणायचं, हाजींना नशीबवान म्हणायचं; रस्ता आखणारा दोन्हीकडे सुटतो. डुइसबर्गचा खटला तर २०२० मध्ये निकालाविनाच बंद झाला.

सप्टेंबर २०१५ मध्ये मीनात दोन रस्त्यांवरून आलेले जमाव एकत्र आले आणि पुन्हा तेच घडलं. हाजींनी सूचना पाळल्या नाहीत, असं सौदी आरोग्यमंत्री म्हणाले. अब्बा टीव्हीसमोर बसले होते. त्यांनी मला विचारलं, "रस्ता किती रुंद होता, ते सांगितलं का रे?"