एकाच चाळीतले दोन कामगार : वरळी, ऑगस्ट १९८२

वरळी कोळीवाड्यातून दक्षिणेकडे निघालो की थोड्याच अंतरावर, सर पोचखानवाला मार्गावर, पोलीस कॅम्प लागतो. तेथून आतल्या बाजूला जांबोरी मैदान, आणि मैदानाभोवती बीडीडी चाळी. १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या या चाळींपैकी एकट्या वरळीत १२१ इमारती होत्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. एका दारात गिरणी कामगाराचे बिऱ्हाड, तर शेजारच्या दारात पोलीस शिपायाचे. आजचा हा धागा त्या दोन दारांविषयी आहे.

१९८२ साल म्हटले की आपल्याला दत्ता सामंत आणि गिरणी संप आठवतो. त्याच वर्षी, त्याच वस्त्यांत, मुंबईच्या पोलिसांनीही काम बंद केले होते. ही घटना आपल्या पिढीला फारशी ठाऊक नाही. पाठ्यपुस्तकात ती नाही, आणि ज्यांच्या घरात घडली त्यांनी ती फारशी सांगितलेली नाही.

आधी कायदा पाहू, कारण सगळा पेच त्यात आहे.

राज्यघटनेचा अनुच्छेद ३३ संसदेला असा अधिकार देतो की सैन्य आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या बाबतीत मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येतील. त्याच्या आधारे १९६६ साली पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. रीतसर परवानगीवाचून पोलिसाने कोणत्याही कामगार संघटनेचे सभासद व्हायचे नाही; झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतूनही पोलीस वगळलेला होता. म्हणजे बारा तासांचा बंदोबस्त करून पाय सुजलेला शिपाई कायद्याच्या नजरेत ‘कामगार’ नव्हताच.

आता शेजारचे दार. गिरणी कामगार निःसंशय कामगार होता. पण त्याला १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. या कायद्यानुसार एका धंद्यात एकच प्रातिनिधिक संघटना मालकांशी वाटाघाटी करू शकते, आणि गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. बहुसंख्य कामगार सामंतांच्या मागे गेले तरी कागदावर त्यांचा आवाज मजदूर संघाचाच राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगार आणि बोनस यांच्या जोडीला हाच कायदा रद्द करण्याची मागणी होती. एका खोलीत नको असलेली संघटना माथी मारलेली, दुसऱ्या खोलीत हवी असलेली संघटना नाकारलेली!

पोलिसांची अस्वस्थता १९८२ साली अचानक उगवली नव्हती. मे १९७९ मध्ये पंजाबात पोलिसांचे आंदोलन सुरू झाले आणि ते इतर राज्यांत पसरले. जूनमध्ये बोकारो येथे औद्योगिक सुरक्षा दलाच्या आंदोलक जवानांवर लष्कर पाठवावे लागले, रक्त सांडले. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने त्याच वर्षी फेब्रुवारीत आपला पहिला अहवाल दिला होता, आणि त्याचा विषयच मुळी शिपायाचे जगणे हा होता. कनिष्ठ पोलिसांना आठवड्याचे सातही दिवस, रोज दहा ते सोळा तास काम करावे लागते, हा अभ्यासातील निष्कर्ष आयोगाने नोंदवला. घरे, वरिष्ठांच्या घरची ऑर्डर्लीची कामे, तक्रार ऐकून घेणारी यंत्रणा यांवरही लिहिले. सरकारी कागदांत इतकी रोखठोक भाषा क्वचित आढळते, म्हणून हा अहवाल मुळातून वाचावा असा आहे.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना सरकारी मान्यतेने उभी राहिली होती. ‘मान्यतेने’ हा शब्द महत्त्वाचा. ती हक्कावर उभी नव्हती, परवानगीवर होती.

१५ ऑगस्ट १९८२, स्वातंत्र्यदिन. मुंबईतल्या अनेक पोलिसांनी गणवेशावर काळ्या फिती लावल्या. मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले होते, पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो. गिरणी संपाचा सातवा महिना चालू होता, गणेशोत्सव तोंडावर आला होता. म्हणजे ज्यांच्या जिवावर शहराचा बंदोबस्त, तेच नाराज. तीन दिवसांनी, १८ ऑगस्टला, सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली आणि तिच्या नेत्यांची धरपकड केली.

त्या दिवशी वरळी आणि नायगाव येथील पोलीस वस्त्या पेटून उठल्या. शिपाई रस्त्यावर आले आणि संपकरी गिरणी कामगार त्यांना येऊन मिळाले. दगडफेक झाली, लोकल अडवल्या गेल्या, दुकाने लुटली गेली. संपाच्या मोर्चापुढे काठी घेऊन उभा राहणारा आणि त्या मोर्चात चालणारा हे दोघे एका दिवसापुरते एका बाजूला होते. शेवटी निमलष्करी दले आणि लष्कर बोलवावे लागले. अनेक पोलीस बडतर्फ झाले आणि संघटना संपली.

येथे सरकारची बाजू पोकळ होती असे मी म्हणणार नाही. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने काम थांबवले तर शहर कोणाच्या भरवशावर सोडायचे, हा प्रश्न खरा आहे, आणि त्या दिवशी लुटल्या गेलेल्या दुकानदारानेही तो विचारला असेल. माझा आक्षेप दुसरा आहे, आणि त्यासाठी थोडे लंडनला जावे लागेल.

३० ऑगस्ट १९१८ रोजी लंडनच्या पोलिसांनी संप केला. सरकार हादरले, पगार वाढला. पुढच्या वर्षी लिव्हरपूल आणि लंडन येथे दुसरा संप झाला, तो मात्र फसला. दोन हजारांहून अधिक संपकरी कायमचे घरी गेले. पण १९१९च्या ज्या कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेची बंदी केली, त्याच कायद्याने ‘पोलीस फेडरेशन’ ही वैधानिक संस्था निर्माण केली. संप करायचा नाही, पण पगार आणि सेवाशर्तींवर तुमचे निवडून दिलेले प्रतिनिधी बोलतील, असा तो व्यवहार होता. आपण त्यातला पहिला अर्धा भाग घेतला. दुसऱ्या अर्ध्याच्या जागी आपल्याकडे वरिष्ठांच्या मर्जीवर चालणारा दरबार आणि अर्ज राहिले. अर्ज करणाऱ्याची बदली होऊ शकते, हे प्रत्येक शिपायाला ठाऊक असते.

बोकारोच्या बडतर्फ जवानांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै १९८५च्या तुलसीराम पटेल निकालात न्यायालयाने अनुच्छेद ३११मधील अपवाद मान्य केला : चौकशी करणे व्यवहार्य नसेल तर ती न करताही नोकरीवरून काढता येते. देशभरच्या गणवेशधारी कर्मचाऱ्यांनी यातून काय धडा घेतला असेल, ते वेगळे सांगायला नको.

आठ तासांच्या पाळीसाठी मुंबईच्या शिपायाला २०१६ची वाट पाहावी लागली. त्या वर्षी देवनार पोलीस ठाण्यात हा प्रयोग सुरू झाला. पाळ्यांचे गणित मांडून दाखवणारा एक शिपाईच होता, आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते मनावर घेतले. संघटना नव्हती, ऐकणारा अधिकारी भेटला, एवढेच.

आणि घरे? बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. चाळीतल्या पात्र भाडेकरूला, म्हणजे त्या जुन्या गिरणी कामगाराच्या नातवाला, ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य. शेजारच्या खोलीतले पोलीस कुटुंब सेवानिवासस्थानात राहत होते, भाडेकरू नव्हते; त्यांच्यासाठी आधी ५० लाख, मग २५ लाख आणि अखेर १५ लाख रुपये अशी किंमत ठरली.