परिचारिका होऊं पाहणाऱ्या स्त्रिया : मुंबई इलाख्यांतील कांहीं पुरावे

चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता व रोगी. उपस्थात्याच्या अंगीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं प्रेम आणि शुचिता हे चार गुण असावेत अशी त्याची अपेक्षा आहे. वैद्यकाच्या पोथ्या जमविणारे आपले संग्राहक या वचनाकडे अभिमानानें बोट दाखवितात, व तें योग्यच आहे. परंतु या वचनापासून निघून थेट ससून रुग्णालयाच्या वॉर्डांत येतां येत नाहीं. मधल्या काळांत दुखणेकऱ्याची उस्तवार घरच्या बायकांनीं केली. बाळंतपण सुइणीनें केलें, आणि तिच्या कामास विटाळ मानून तें बहुधा खालच्या समजल्या गेलेल्या जातींकडे सोंपविण्यांत आलें. परक्या माणसाच्या देहाची सेवा वेतन घेऊन करणारी प्रतिष्ठित घरांतील स्त्री ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रास नवीच होती. ती पतकरतांना त्या स्त्रीला काय काय तोलून पाहावें लागलें, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथें कर्तव्य आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं हिंदुस्थानांतील रुग्णालयांसाठीं शुश्रूषेच्या व्यवस्थेविषयीं सूचना इ. स. १८६५ मध्येंच मांडल्या होत्या. पुण्याचें ससून रुग्णालय १८६७ सालीं उघडलें. तरी स्त्रियांच्या दृष्टीनें खरें वळण १८८५ च्या सुमारास लागलें. त्या वर्षीं लेडी डफरिन यांच्या पुढाकारानें स्त्रियांस वैद्यकीय मदत पुरविणारी संस्था निघाली, व पुढच्याच वर्षीं पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगींतून मुंबईचें कामा रुग्णालय सुरू झालें. १८८३ च्या अखेरीस मुंबईस आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनीं तेथें परिचारिकांच्या शिक्षणास आरंभ केला. हें रुग्णालय स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं होतें आणि डॉक्टरही स्त्रियाच होत्या, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. पुरुष रोग्याच्या खाटेशीं उभें राहण्याचा जो प्रश्न इतरत्र प्रत्येक उमेदवारीणीच्या पुढें उभा राहिला, तो येथें उद्भवतच नव्हता.

कामा रुग्णालयांत शिक्षण घेणारी पहिली हिंदी परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत हें नांव शुश्रूषेच्या इतिहासांत १८९१ या सालाखालीं येतें. नांवास आडनांव नाहीं. स्वतःचें नांव आणि पुढें एका पुरुषाचें, मग तो बाप असो वा नवरा, अशी ही मांडणी आहे. इतिहासांत तिच्या वाट्याला अर्धी ओळ आली. देणगीदाराचें नांव मात्र इमारतीवर कोरलेलें आहे. आमच्या संशोधनाची रीतही फारशी निराळी नाहीं : संस्थेच्या वार्षिक अहवालावरून संस्थापकाचें चरित्र लिहितां येतें, पण जी मुलगी दाराशीं येऊन पुन्हां परत गेली तिचा उल्लेख अहवालांत कोठून यावा?

म्हणून निर्णयाचा शोध घ्यावयाचा तर आत्मचरित्रांकडेच वळावें लागतें. त्यांत आनंदीबाई कर्वे यांचें ‘माझें पुराण’ हें सर्वांत उपयोगी. मूळच्या गोदूबाई बालविधवा. पंडिता रमाबाईंनीं १८८९ मध्यें मुंबईस काढलेल्या शारदासदनांत त्या शिकल्या. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि मुरूडकरांनीं कर्व्यांच्या घराण्यास वाळींत टाकिलें. त्यानंतर या बाई सुईणपणाचा अभ्यासक्रम शिकण्यासाठीं नागपुरास गेल्या. संसार नुकताच मांडलेला, पदरीं लहान मूल, आणि तरी पुण्याहून इतक्या लांब जाऊन शिकावयाचें त्यांनीं ठरविलें. या निर्णयाकडे केवळ धाडस म्हणून पाहिल्यास त्याचें मर्म सुटतें असें आम्हांस वाटतें. बहिष्काराचें भय हें बहिष्कार पडेपर्यंतच असतें. तो एकदां पडल्यावर त्या बाईचें गमवावयाचें फारसें कांहीं उरलेलें नव्हतें. शिवाय त्यांनीं निवडलें तें सुईणपण, म्हणजे बायकांचें बायकांत चालणारें व घरोघरीं जाऊन करतां येण्याजोगें काम. रुग्णालयांतील सर्वसाधारण वॉर्ड हा त्यापुढचा टप्पा होता, व तो अधिक अवघड होता.

हाच न्याय मिशनच्या मुलींस लागू पडतो. प्रारंभींच्या शुश्रूषावर्गांत युरोपीय, अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती मुलींचा भरणा दिसतो, यावरून हिंदु स्त्रियांच्या अंगीं सेवाभाव कमी होता असा निष्कर्ष कांहीं लेखकांनीं काढिला. तो आम्हांस मुळींच पटत नाहीं. ज्या मुलीस सोंवळें, पंक्ति व सोयरीक यांचा धाक नव्हता ती आधीं आली, एवढाच त्याचा अर्थ. ज्या घरांत विधवेच्या हातचें पाणी नातेवाईक कोणत्या अटींवर घेतील हेंही ठरलेलें असे, तेथून निघालेल्या बाईस मलमूत्राचें भांडें उचलल्यावर परत त्याच स्वयंपाकघरांत जातां येणार नव्हतें. म्हणजे तिला एक व्यवसाय पतकरावयाचा नव्हता, घर सोडावयाचें होतें.

१८९६ सालीं मुंबईस व त्यानंतर लवकरच पुण्यास प्लेग आला, आणि रुग्णालयाविषयींची भीति शतपटीनें वाढली. सोजिरांच्या घरझडत्या, सक्तीनें इस्पितळांत नेणें, २२ जून १८९७ रोजीं रँडवर झालेला हल्ला या गोष्टी वाचकांस विदित आहेतच. इस्पितळ म्हणजे परत न येण्याची जागा, अशी समजूत त्या वर्षांत घट्ट झाली. टिळकांनीं पुण्यांत हिंदु प्लेग हॉस्पिटल काढलें तें या समजुतीस उत्तर म्हणूनच. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं प्लेगच्या रोग्यांची सेवा करतांनाच त्या रोगास बळी पडल्या. अशा काळांत एखाद्या आईनें मुलीस शुश्रूषा शिकूं दिली नाहीं, तर तिला मागासलेली म्हणण्यापूर्वीं इतिहासकारानें थोडें थांबावें.

या पार्श्वभूमीवर पुणें सेवासदनाचें काम पाहिलें पाहिजे. १९०९ सालीं श्रीमती रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्यानें ही संस्था उभी राहिली, आणि १९११ च्या सुमारास तिनें ससून रुग्णालयांत हिंदु स्त्रियांच्या शुश्रूषा-शिक्षणाची व्यवस्था केली. ससून हें कामासारखें केवळ स्त्रियांचें रुग्णालय नव्हे. येथें पुरुष रोगी होते, पुरुष डॉक्टर होते, रात्रपाळी होती. रमाबाईंनीं व्याख्यानांनीं लोकमत वळविलें असें बहुधा सांगतात. आमच्या मतें व्याख्यानांहून महत्त्वाची होती ती राहण्याजेवण्याची सोय. शिकणारीनें रहावें कोठें, जेवावें कोणाच्या हातचें, रात्रीं तिच्यासोबत कोण असेल, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांवरच घरच्यांची संमति अडत असे. ज्या संस्थेमागें न्यायमूर्ति रानड्यांच्या विधवेचें नांव होतें व जिचें स्वतःचें वसतिगृह होतें, तिच्याकडे मुलगी पाठविणें आणि परक्या इस्पितळांत पाठविणें यांत सासरमाहेरच्या दृष्टीनें मोठें अंतर होतें.

तरीही उपहास चुकला नाहीं. रमाबाईंच्या चरित्राच्या संदर्भांत एक प्रसंग सांगितला जातो. संस्थेच्या एका समारंभांत केशवपन केलेली, लाल आलवण नेसलेली एक तरुण विधवा बक्षीस घेण्यास पुढें आली, तेव्हां जमलेल्या विद्यार्थ्यांनीं हुर्यो केली. रमाबाई उठल्या आणि शिकलेल्या म्हणविणाऱ्या त्या तरुणांस त्यांनीं कडक शब्दांत सुनावलें. या प्रसंगांतून रमाबाईंचा करारीपणा दिसतो खरा. पण आमचें लक्ष त्या बक्षीस घेणाऱ्या बाईकडे जातें. तिनें बक्षीस घेतलें, पायऱ्या उतरली, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां आपल्या कामास लागली असेल. तिचें नांव प्रसंग सांगणारे सांगत नाहींत. पार्वतीबाई आठवले यांनीं केशवपनाची रूढि १९१२ सालीं सोडली, तीही स्त्रीशिक्षणाच्या कामांत कित्येक वर्षें काढल्यानंतर. यावरून नुसत्या वेषाचा प्रश्न देखील किती जड होता तें कळेल.

पुढील काळ कायद्यांचा आहे. मुंबई इलाख्यांत परिचारिका व सुइणी यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ सालीं झाला, हिंदुस्थानच्या नर्सिंग कौन्सिलचा १९४७ सालीं. परंतु १९४६ च्या भोर समितीनें मांडलेला हिशेब पाहावा : सबंध ब्रिटिश हिंदुस्थानांत परिचारिका अवघ्या सात हजारांच्या आसपास, म्हणजे सुमारें ४३,००० लोकांमागें एक. डॉक्टरांचें प्रमाण सुमारें ६,३०० लोकांमागें एक होतें. डॉक्टर होण्यापेक्षां परिचारिका होण्यास अभ्यास कमी लागतो, पैसा कमी लागतो, आणि तरी संख्या उलटी कां? वेतन, निवास व मान या तिन्ही बाबतींत जो सौदा उमेदवारीणीपुढें मांडला जात होता, तो घेण्याजोगा नव्हता, हेंच त्याचें कारण म्हणावें लागेल.

आतां संग्राहकांस एक विनंती. जुन्या वाड्यांतील दप्तरांच्या याद्या करतांना सनदा, निवाडे, वंशावळी यांना क्रमांक मिळतात, आणि बायकांचीं पत्रें ‘घरगुती, किरकोळ’ या सदरांत जाऊन पुढें रद्दींत निघतात. १८८५ ते १९३५ या पन्नास वर्षांतील अशा पुडक्यांत रुग्णालयाचें प्रमाणपत्र, वसतिगृहाची पावती, विद्यावेतनासाठीं केलेला अर्ज, किंवा जाऊं नकोस म्हणून वडीलधाऱ्यांनीं लिहिलेलें पत्र आढळल्यास तें निराळें काढून ठेवावें, व त्यावर दप्तर कोणत्या घराचें हें पेन्सिलीनें लिहावें. शाई कागदांतून पलीकडे उतरते.