उणे 67.7 अंशांचं गाव माहितीये, पण त्या जिल्ह्याचा कारभार कसा चालतो?

पापण्यांवर बर्फ जमलेली माणसं आणि हवेत फेकताच गोठणारं उकळतं पाणी. असे रील्स पाहिले असतील, तर ओयम्याकोन हे नाव ओळखीचं असणार. पण ओयम्याकोन हे फक्त एका गावाचं नाव नाही. त्याच नावाचा अख्खा जिल्हा रशियाच्या अतिपूर्वेला, याकुतियात आहे.

क्षेत्रफळ सुमारे 92,200 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास 30 टक्के. पुण्यासारखे जवळपास सहा जिल्हे त्यात बसतील. लोकसंख्या मात्र 2010 च्या जनगणनेनुसार 10,109. आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावात यापेक्षा जास्त लोक राहतात.

रशियात जिल्ह्याला 'रायोन' म्हणतात. याकुतिया हे साखा लोकांचं प्रजासत्ताक, स्वतःची संसद असलेलं, त्यामुळे तिथे 'उलुस' हा शब्दही चालतो. असे 34 उलुस तिथे आहेत. उलुसच्या खाली 'नास्लेग', म्हणजे एक किंवा काही गावांचा मिळून गट. ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणली, तर साधारण कल्पना येईल. याकुतिया इतकं रुंद आहे की तिथे घड्याळाच्या तीन वेळा चालतात. ओयम्याकोन जिल्हा भारताच्या साडेचार तास पुढे आहे.

जिल्ह्याचं मुख्यालय ओयम्याकोन गावात नाही, ते आहे उस्त-नेरा इथे. नेरा आणि इंदिगिर्का नद्यांच्या संगमावर वसलेल्या या वस्तीत जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक लोक राहतात. ओयम्याकोन गावातून रस्त्याने इथे यायचं, तर चारशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. म्हणजे मुंबईहून छत्रपती संभाजीनगर गाठून थोडं पुढे जाण्यासारखं, तेही उणे 50 मध्ये.

हा प्रवास ज्या कोलिमा महामार्गावरून होतो, तो याकुत्स्क ते मगदान जोडतो. स्टालिनच्या काळात छावण्यांमधल्या कैद्यांकडून तो बांधून घेतला गेला. कित्येक जण काम करतानाच मेले, म्हणून त्याला 'हाडांचा रस्ता' म्हणतात.

एवढ्या थंडीत रस्ता कशासाठी? सोन्यासाठी. सोनं आणि अँटिमनीच्या खाणींमुळेच बाहेरून माणसं इथे आली. 1989 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 31 हजारांच्या घरात होती. सोव्हिएत संघ कोसळला, सरकारी पैसा आटला आणि दोन दशकांत तीनपैकी दोन माणसं कमी झाली. सोनं आजही निघतं, पण ओस पडलेल्या खाण-वस्त्या काही पुन्हा भरल्या नाहीत.

आता थंडीबद्दल. डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात जड, थंड हवा साचून राहते. म्हणून जानेवारीचं सरासरी तापमान उणे 46 च्या आसपास असतं. 6 फेब्रुवारी 1933 ला उणे 67.7 ची नोंद झाली. व्हायरल होणारा उणे 71.2 हा आकडा मात्र प्रत्यक्ष मोजलेला नाही, तो अंदाजाने काढलेला आहे. तोमतोर गावातल्या स्मारकावर तो कोरलाय, म्हणून खरा वाटतो इतकंच. आणि उत्तर गोलार्धातला विक्रमही आता इथला नाही. ग्रीनलँडमध्ये 1991 साली उणे 69.6 अंश नोंदले गेले होते, त्याला 2020 मध्ये अधिकृत मान्यता मिळाली.

उन्हाळ्यात इथेच पारा 30 च्या वर जातो. त्याचे रील्स मात्र फारसे दिसत नाहीत.