परिवीक्षा आणि गुन्हेगारांची विनावेतन सामुदायिक सेवा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

गुन्हा करणाऱ्या व्यक्तीस कारागृहात न पाठविता समाजातच ठेवून सुधारण्याची संधी द्यावी, या विचारातून परिवीक्षा पद्धतीचा उदय झाला. गुन्हेगाराने आपल्या श्रमाद्वारे समाजाची काही अंशी भरपाई करावी, या विचारातून विनावेतन सामुदायिक सेवेची शिक्षा पुढे आली. हे दोन्ही विचार आज परस्परपूरक मानले जात असले तरी त्यांचा उगम एक नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली आणि तिच्या कलम ४ अन्वये सामुदायिक सेवा हा शिक्षेचा सहावा प्रकार म्हणून मान्य झाला. या बदलाचे मानवतावादी पाऊल म्हणून सर्वत्र स्वागत झाले. तथापि, गुन्हेगाराकडून सार्वजनिक ठिकाणी विनामोबदला काम करवून घेणे ही गोष्ट भारताच्या इतिहासात नवी नाही. नवा आहे तो तिच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन. हा दृष्टिकोन ज्या संस्थेमुळे निर्माण झाला ती परिवीक्षा सेवा आणि ही नवी शिक्षा यांचा परस्परसंबंध ऐतिहासिक क्रमाने तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साखळदंडातील सार्वजनिक श्रम

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सिद्धदोष कैद्यांना तुरुंगाबाहेर नेऊन रस्तेबांधणीच्या कामावर लावण्याची पद्धत रूढ होती. पायात बेड्या घातलेल्या कैद्यांच्या टोळ्या पहाऱ्यात काम करीत. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण महाबळेश्वर येथे आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे चिनी व मलायी कैद्यांसाठी तुरुंग होता आणि त्या कैद्यांकडून रस्त्यांची व बागायतीची कामे करवून घेतली जात. १८६४ च्या सुमारास हा तुरुंग बंद झाला. आज पर्यटकांच्या परिचयाच्या असलेल्या या गिरिस्थानाच्या जडणघडणीत या अनामिक कैद्यांच्या श्रमाचा वाटा आहे.

१८३६ मध्ये नेमलेल्या तुरुंग शिस्त समितीने १८३८ मध्ये आपला अहवाल सादर केला. या समितीत मेकॉले यांचा समावेश होता. समितीने तुरुंगाबाहेरील रस्त्यांच्या कामावर प्रतिकूल मत नोंदविले. मात्र त्यामागे कैद्यांविषयीची करुणा नव्हती. उघड्यावरील कामात शिस्त राहत नाही आणि शिक्षेचा धाक उरत नाही, हा समितीचा मुख्य आक्षेप होता. म्हणून तिने भिंतींच्या आतील कंटाळवाण्या, कठोर श्रमाचा पुरस्कार केला. यावरून एक बाब स्पष्ट होते. सार्वजनिक श्रम हा स्वतः दयाळूही नसतो आणि क्रूरही नसतो. त्याचे स्वरूप तो कोणाच्या देखरेखीखाली व कोणत्या हेतूने करवून घेतला जातो यावर ठरते.

परिवीक्षेचा उदय

परिवीक्षेचा प्रवाह याहून सर्वस्वी वेगळ्या ठिकाणी उगम पावला. १८४१ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस या चर्मकाराने न्यायालयात उभ्या असलेल्या एका मद्यपी माणसाचा जामीन स्वतःच्या जबाबदारीवर घेतला. सुमारे तीन आठवड्यांनी तो माणूस न्यायालयात परत आला तेव्हा त्याच्यातील बदल पाहून न्यायाधीशांनी त्यास केवळ एक सेंट व खर्च एवढाच दंड केला. पुढील सुमारे सतरा वर्षांत ऑगस्टस यांनी १९०० हून अधिक व्यक्तींसाठी अशी हमी घेतली. १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून बोस्टनसाठी वेतनी परिवीक्षा अधिकाऱ्याचे पद निर्माण केले.

इंग्लंडमध्ये १८७६ साली फ्रेडरिक रेनर या मुद्रकाने मद्यपाननिषेधाचे कार्य करणाऱ्या एका चर्च संस्थेस पाच शिलिंगांची देणगी दिली आणि पोलीस न्यायालयांतील अभाग्यांसाठी काही करावे अशी विनंती केली. त्यातून न्यायालयांत काम करणाऱ्या मिशनऱ्यांची परंपरा सुरू झाली. १९०७ च्या परिवीक्षा कायद्याने या स्वयंसेवी कार्यास वैधानिक रूप दिले. गुन्हेगारास सल्ला देणे, साहाय्य करणे आणि त्याच्याशी मैत्री करणे ही अधिकाऱ्याची कर्तव्ये ठरली. शासकीय सेवकाच्या कर्तव्यात मैत्रीचा समावेश करणारा हा कायदा दंडशास्त्राच्या इतिहासात वैशिष्ट्यपूर्ण ठरतो. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक न्यायक्षेत्रात परिवीक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक झाले.

इंग्लंडमधील संगम

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील कारागृहांत गर्दी वाढत गेली. पर्यायी शिक्षांचा विचार करण्यासाठी बार्बरा वूटन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्ये सामुदायिक सेवेची शिफारस केली. त्यानुसार १९७२ च्या फौजदारी न्याय कायद्यात तरतूद होऊन १९७३ पासून सहा क्षेत्रांत प्रयोग सुरू झाला आणि १९७५ पासून त्याचा विस्तार करण्यात आला. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या गुन्हेगारास ४० ते २४० तासांचे विनावेतन काम देता येत असे व ते सर्वसाधारणपणे एका वर्षात पूर्ण करावे लागे.

या कायद्यातील तीन अटी विशेष महत्त्वाच्या होत्या. पहिली, गुन्हेगाराची संमती आवश्यक होती. दुसरी, त्याच्या परिस्थितीसंबंधीचा परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल न्यायालयाने विचारात घेणे आवश्यक होते. तिसरी, त्या क्षेत्रात अशा कामाची प्रत्यक्ष व्यवस्था उपलब्ध असणे आवश्यक होते. याचा अर्थ असा की शिक्षा आधी आणि यंत्रणा नंतर, असा क्रम तेथे नव्हता. सुमारे सहा दशकांच्या वैधानिक परिवीक्षा सेवेच्या पायावर ही शिक्षा उभी राहिली.

पुढे हा पाया हळूहळू खचत गेला. १९९७ च्या कायद्याने संमतीची अट काढून टाकली. २००१ पासून या आदेशाच्या नावातील 'सेवा' हा शब्द जाऊन त्या जागी 'शिक्षा' हा शब्द आला. २००३ च्या कायद्याने 'विनावेतन काम' अशी रोखठोक संज्ञा स्वीकारली व कमाल मर्यादा ३०० तासांवर नेली. २००८ च्या अखेरीस काम करणाऱ्यांना ठळक अक्षरे असलेली भडक रंगाची जाकिटे घालण्यास लावण्यात आले. शिक्षा लोकांच्या डोळ्यांना दिसली पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. २०१४ मध्ये परिवीक्षेचा मोठा भाग खासगी कंपन्यांकडे सोपविण्यात आला. २०१९ मध्ये परिवीक्षा निरीक्षणालयाच्या प्रमुखांनीच ही रचना मुळातून सदोष असल्याचा निष्कर्ष काढला आणि जून २०२१ मध्ये ही सेवा पुन्हा शासनाकडे आली. परिवीक्षा अधिकारी आणि गुन्हेगार यांच्यातील नाते तुटले की कामाचे तास मोजता येतात, पण सुधारणा साधत नाही, हा या अनुभवाचा धडा होय.

भारतातील परिवीक्षा

भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६२ अन्वये प्रथम गुन्हा करणाऱ्यास चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची सोय झाली. मात्र त्यात देखरेख करणारा अधिकारी नव्हता. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने परिवीक्षेचा पुरस्कार केला. अखिल भारतीय विधेयकाचा १९३१ मधील प्रयत्न तडीस गेला नाही. त्यामुळे प्रांतांनी आपापले कायदे केले. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३६ मध्ये आणि मुंबई प्रांतात १९३८ मध्ये असे कायदे झाले. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग अशा रीतीने स्वातंत्र्यापूर्वीच परिवीक्षेशी परिचित झाला होता. मुंबईत १९२४ चा मुलांचा कायदा, १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी आणि १९३६ मध्ये सुरू झालेली समाजकार्य शिक्षणाची सर दोराबजी टाटा संस्था यांनी या कामास आवश्यक अशी वैचारिक व मनुष्यबळाची भूमी तयार केली.

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ हा या प्रयत्नांचा कळस होय. त्याच्या कलम ३ अन्वये किरकोळ गुन्ह्यात ताकीद देऊन, तर कलम ४ अन्वये बंधपत्रावर सोडता येते. एकवीस वर्षांखालील गुन्हेगारास कारावास देण्यावर कलम ६ मर्यादा घालते. कलम १३ व १४ परिवीक्षा अधिकाऱ्याची नेमणूक व कर्तव्ये सांगतात. चौकशी करणे, देखरेख ठेवणे, योग्य रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करणे आणि साहाय्य करणे ही ती कर्तव्ये होत. कलम १२ अन्वये, कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता भोगावी लागत नाही. शिक्षण व नोकरीच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुणाच्या दृष्टीने या कलमाचे मोल फार मोठे आहे. रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये या अधिनियमाचा सुधारणावादी हेतू अधोरेखित केला.

सामुदायिक सेवेचा भारतातील प्रवास

१९५८ च्या अधिनियमात विनावेतन कामाचा उल्लेख नव्हता. भारतीय दंड संहितेच्या दुरुस्तीचे एक विधेयक १९७८ मध्ये राज्यसभेने संमत केले. त्यात सामुदायिक सेवेचा समावेश होता. परंतु १९७९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने ते व्यपगत झाले. २००० च्या बाल न्याय अधिनियमाने बालकांच्या बाबतीत हा मार्ग खुला केला. २०१५ च्या अधिनियमात, ही सेवा एखाद्या संस्थेच्या अथवा विनिर्दिष्ट व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी, असे नमूद झाले. प्रौढांसाठी मात्र २०२३ च्या संहितेची वाट पाहावी लागली.

नव्या संहितेत सहा गुन्ह्यांसाठी ही शिक्षा सांगितली आहे. त्यांत सार्वजनिक ठिकाणी मद्यधुंद अवस्थेत गैरवर्तन, अब्रूनुकसानी आणि पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी यांचा समावेश आहे. चोरीच्या बाबतीत ऐवज किंवा त्याचे मूल्य परत करणे आवश्यक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये सामुदायिक सेवेची व्याख्या दिली आहे. तीनुसार ही सेवा म्हणजे न्यायालयाने शिक्षा म्हणून सांगितलेले, समाजाच्या हिताचे व मोबदला न मिळणारे काम होय. मात्र किती तास, कोणत्या प्रकारचे काम, कोणाच्या देखरेखीखाली आणि गुन्हेगाराच्या संमतीचे काय, याविषयी दोन्ही संहिता मौन बाळगतात. हा तपशील राज्ये व न्यायालये यांच्यावर सोपविला गेला असून काही राज्यांनी त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आखली आहेत.

दोन प्रवाहांतील दरी

हे मौन केवळ प्रशासकीय नाही. सक्तीच्या श्रमाविषयीच्या १९३० च्या आंतरराष्ट्रीय कराराने न्यायालयीन शिक्षेतून आलेले काम सक्तीच्या श्रमाच्या व्याख्येतून वगळले आहे. परंतु ते काम सार्वजनिक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली व्हावे आणि ती व्यक्ती खासगी व्यक्ती वा संस्थांच्या हवाली होऊ नये, अशी अट घातली आहे. भारताने १९५४ मध्ये हा करार स्वीकारला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस प्रतिबंध केलेला आहेच. शिवाय, सक्तमजुरीच्या कैद्यांनाही वाजवी वेतन मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले आहे. अशा स्थितीत कारागृहातील कैद्यास वेतन आणि बाहेरील सेवेकऱ्यास वेतन नाही, या भेदाचे समर्थन एकाच आधारावर होऊ शकते. तो आधार म्हणजे त्या सेवेमागे असलेली सुधारणेची व देखरेखीची व्यवस्था.

दुसरी बाब दोषसिद्धीच्या परिणामाची आहे. पहिलीच किरकोळ चोरी करणाऱ्या तरुणास १९५८ च्या अधिनियमाखाली सोडल्यास कलम १२ चे संरक्षण मिळते. त्याच तरुणास सामुदायिक सेवेची शिक्षा झाल्यास ते कलम त्यास आपोआप लागू होत नाही. म्हणजे दिसायला सौम्य असलेली नवी शिक्षा परिणामतः जुन्या परिवीक्षेपेक्षा अधिक जाचक ठरू शकते.

तिसरी बाब लोकविश्वासाची आहे. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे झालेल्या मोटार अपघातात दोन तरुण जिवांचा बळी गेला. त्या प्रकरणी अल्पवयीन चालकास जामीन देताना अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहिणे व काही दिवस वाहतूक पोलिसांसोबत काम करणे अशा अटी घालण्यात आल्या. त्या अटी शिक्षा नव्हत्या, जामिनाच्या होत्या. तरीही समाजात तीव्र संताप उमटला आणि आदेशात बदल करावा लागला. गुन्ह्याचे गांभीर्य व सांगितलेले काम यांचा मेळ न दिसल्यास समाज अशा उपायांकडे उपहासाने पाहतो, हे या घटनेने दाखविले. असा मेळ घालण्यासाठी गुन्हेगाराच्या परिस्थितीचा साधार अहवाल लागतो आणि तो तयार करणे हेच परिवीक्षा अधिकाऱ्याचे काम आहे. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत असून बालकांच्या प्रकरणांचा भारही त्यांच्यावर आहे. त्यांच्याकडे प्रौढांच्या सामुदायिक सेवेचे काम सोपवावयाचे झाल्यास पदे, प्रशिक्षण व अधिकार यांचा स्वतंत्र विचार करावा लागेल.

निष्कर्ष

१. गुन्हेगारांचे सार्वजनिक श्रम व परिवीक्षा हे इतिहासातील दोन भिन्न प्रवाह आहेत. पहिल्याचा उगम धाकात व दुसऱ्याचा विश्वासात आहे.

२. इंग्लंडमध्ये १९७३ नंतर हे प्रवाह एकत्र आले, कारण तेथे परिवीक्षा सेवा आधीपासून सुस्थापित होती. ती दुर्बल झाली तेव्हा शिक्षेचे सुधारणात्मक मूल्यही घटले.

३. भारतात परिवीक्षेचा कायदा १९५८ पासून अस्तित्वात आहे व सामुदायिक सेवा २०२४ पासून लागू आहे. परंतु या दोहोंना जोडणारा वैधानिक दुवा संहितेत नाही.

४. सामुदायिक सेवेपूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, तासांची मर्यादा, गुन्हेगाराची संमती आणि कलम १२ सारखे संरक्षण यांची तरतूद झाल्यास हा दुवा साधता येईल.

महाबळेश्वरचे रस्ते करणारा कैदी आणि बोस्टनच्या न्यायालयातील मद्यपी हे दोघेही समाजाच्या दृष्टीने अपराधी होते. एकाच्या मागे पहारेकरी उभा होता, तर दुसऱ्याच्या शेजारी त्याची हमी घेणारा माणूस. सामुदायिक सेवा करणाऱ्याच्या बाजूला यांपैकी कोण उभा राहणार, यावरच या नव्या शिक्षेचे भवितव्य अवलंबून आहे.