दिव्याखाली अंधार

इतिहास लिहिताना आपण लढाया व तह यांच्या तारखा अगत्याने नोंदतो. परंतु एखादे औषध केव्हा निघाले आणि रोग्याच्या हाती केव्हा पडले, या दोन तारखांमधील अंतर क्वचितच मोजतो. एड्सच्या बाबतीत ते मोजू लागले असता महाराष्ट्रीय वाचकास अभिमान व लज्जा ही दोन्ही एकदमच वाटल्यावाचून राहणार नाहीत.

या रोगाच्या विषाणूवर एकच औषध योजिले तर तो लवकरच रूप पालटतो व त्यास दाद देईनासा होतो; तीन औषधे एकत्र योजिली तर मात्र त्याची वाढ खुंटते, हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झाले. मरणपंथास लागलेले रोगी उठून कामाधंद्यास लागले. परंतु पाश्चात्त्य कंपन्यांच्या दराने या उपचारास माणशी वर्षाला दहा हजार डॉलर वा त्याहूनही अधिक पडत. युगांडा किंवा केनियातील शेतकऱ्यास असे औषध असले काय नि नसले काय, सारखेच!

ही कोंडी मुंबईने फोडली. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधावर मक्ता न देता ते तयार करण्याच्या कृतीवर तेवढा दिला होता; तेव्हा निराळ्या कृतीने तेच औषध करण्यास येथे मोकळीक होती. १९३५ साली मुंबईत स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये वर्षाचा उपचार ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाकाठी एका डॉलरहूनही कमी किमतीत, सेवाभावी डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेस देऊ केला. त्याच वर्षी तिन्ही औषधे एका गोळीत आली : सकाळी एक, सायंकाळी एक. अशा भारतीय गोळ्यांनी पुढे पूर्व आफ्रिकेत असंख्य संसार सावरले.

आणि आपल्या घरी? सरकारची मोफत उपचाराची योजना सुरू झाली ती १ एप्रिल २००४ रोजी. म्हणजे स्वस्त किंमत जाहीर झाल्यावर तीन वर्षांनी! महाराष्ट्रात तिचा आरंभ मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून झाला. आमच्या हिंगोलीहून मुंबई पाचशे किलोमीटरांहून दूर. पूर्णा-अकोला लोहमार्ग तेव्हा मीटरगेजच होता. अशक्त रोग्यास तो प्रवास केवढा, हे सांगावयास नकोच.

सारा दोष सरकारच्या माथी मारणे सोपे आहे. पण ज्या रोगास समाजाने पापाचे फळ मानले, त्याच्या औषधासाठी समाज सरकारचे दार ठोठावणार कसा? युगांडात नोएरीन कालीबा या बाईंनी पतीच्या निधनानंतर १९८७ साली सहकाऱ्यांसह ‘टासो’ ही संस्था काढली. तेव्हा औषध नव्हते. होती ती केवळ रोग्याच्या घरी जाऊन त्याच्यापाशी बसण्याची तयारी. आपल्याकडेही सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’च्या कार्यात वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच आपल्या भगिनींस निरोध वाटले व शहाणपण शिकविले. ज्यांस समाज रोगाचे मूळ समजत होता, त्याच रोगनिवारणाच्या कामी पुढे झाल्या.

उपचार व प्रतिबंध हे भिन्न नव्हेत, हेही पुढे कळले. दांपत्यात एकासच बाधा असता त्यास लवकर औषध दिल्याने जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ साली एका संशोधनाने दाखविले. त्यात आपले पुणे होते, तसेच केनियातील किसुमूही होते. २०१७ पासून आपल्याकडे निदान होताच औषध देण्याचे धोरण आहे, आणि तेही विनामूल्य.

आता गोळीची किंमत उरली नाही. उरली आहे ती लाजेची. आजही एखादा रोगी ओळखीचे कोणी भेटेल या भयाने आपल्या गावचे केंद्र टाळून परगावचे गाठतो. गोळी आपण आफ्रिकेस दिली. रोग्यापाशी निःशंकपणे बसण्याची विद्या मात्र कंपालाकडून, आणि तितकीच आपल्या सांगलीकडून, अजून शिकावयाची आहे.