वर्गातील लघुचित्रफिती : उपयोग, मर्यादा आणि दक्षता

नवी दिल्ली : एक-दोन मिनिटांच्या चित्रफिती आता करमणुकीपुरत्या मर्यादित राहिलेल्या नाहीत. हृदयातील रक्ताभिसरण, परागीभवन, ज्वालामुखीचा उद्रेक अशा फळ्यावर दाखवण्यास अवघड असलेल्या प्रक्रिया समजावण्यासाठी अनेक शिक्षक त्यांचा आधार घेतात.

पार्श्वभूमी

केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केल्यावर त्या धड्याशी संबंधित साहित्य तेथे उपलब्ध होते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडद्वारे पाठ्यपुस्तकांना चित्रफितींची जोड दिली. त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढील काही महिन्यांत इन्स्टाग्राम रील्स व यूट्यूब शॉर्ट्स भारतात दाखल झाले. अनेक शिक्षकही या माध्यमांकडे वळले.

कालावधीचे महत्त्व

‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख दर्शनसत्रांचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रफीत कितीही मोठी असली, तरी प्रेक्षक ती साधारणतः सहा मिनिटांपेक्षा अधिक काळ पाहत नाहीत, असे त्यात आढळले. तथापि, चित्रफीत शेवटपर्यंत पाहणे म्हणजे विषय समजणे नव्हे. त्यामुळे चित्रफीत दाखवण्यापूर्वी प्रश्न विचारणे, मध्येच ती थांबवून विद्यार्थ्यांकडून अंदाज घेणे आणि शेवटी त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहावयास सांगणे आवश्यक ठरते. अध्यापनाची जागा चित्रफीत घेऊ शकत नाही.

समस्या

‘असर २०२४’ या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वर्षे वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. म्हणूनच मुलांना थेट समाजमाध्यमावर पाठवण्यापेक्षा निवडलेली चित्रफीत आधीच डाउनलोड करून वर्गात दाखवणे अधिक सुरक्षित आहे. एक चित्रफीत संपताच दुसरी सुरू होण्याचा धोका त्यामुळे टळतो. शिवाय, देशातील अनेक शाळांत अद्याप इंटरनेट नाही; तेथेही ही पद्धत उपयोगी पडते.

गोपनीयता

वर्गातील मुलांचे चित्रीकरण करून ते समाजमाध्यमांवर टाकणे हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या वैयक्तिक माहितीवरील प्रक्रियेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हा नियम आहे. चित्रफितीला मिळणाऱ्या पसंतीपेक्षा विद्यार्थ्याचे हित मोठे, हे भान शिक्षक व शाळा दोघांनीही बाळगणे गरजेचे आहे.